चंद्रपूरला दाखवायला

माय,

तुझी पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी बाळंतपणाला माहेरी आले होते, आणि एका सकाळी तू चुलीपासून लांब, परसात जाऊन बसलीस. म्हणालीस, "भात तूच मांड आज. मले शिवू नोको." या वयात पुन्हा कशी, असं विचारलं तर माझ्यावरच खेकसलीस, "चूप वं! घराबाहेर कोनाले सांगू नोको." मग अधूनमधून तू तशीच बसायचीस. देवाजवळचा दिवा मी लावायची, भात मी रांधायची, तुझं ताट दुरून सरकवायची. विटाळ घरात सगळ्यांनी अगदी नीट पाळला. रक्त कुठून येतंय, हे कोणीच विचारलं नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पार पसरला होता. माय, मला अजून राग येतो. तुझा नाही, त्या लांब बसण्याचा.

मागच्या आठवड्यात गावच्या उपकेंद्रात बायकांची तपासणी होती. आशाताई बोलवायला आली तर मी म्हटलं, "मले काई तरास नाई." ती म्हणते, "तरास नाई तवाच या लागते, काकू." गेले. पाय वर घेऊन टेबलावर निजले आणि तोंडावर पदर ओढला, जसं काही तोंड झाकलं की बाई कोणाची ते कळणारच नाही. फार वेळ लागला नाही. दुखलं थोडं, लाजच जास्त वाटली. सिस्टरबाईनं आत औषध लावून पाहिलं, तर पांढरा डाग दिसला. "हा कॅन्सरच आहे असं नाई," ती म्हणाली, "पन चंद्रपूरले दाखवा. आताच उपचार केला तं पुढचं टळते."

वेळेत कळलंय, उपचार आहे, हे मला पटतं. तरी तांदूळ निवडता निवडता हात थांबतो आणि तुझे शेवटचे दिवस दिसतात. भीती वाटते गं.

उद्या गोंडपिपरीहून सकाळची बस आहे. घरी सांगितलंय, दाढ दुखते. तुझी नात म्हणाली, "आई, मी येऊ काय संगं?"

"एका दाढेले दोघी कायले?" म्हणून मी तिला उडवून लावलं. ती जराशी दारात थांबली आणि कामाला गेली.

माय, तिनं आणखी एकदा विचारलं असतं, तर मी हो म्हटलं असतं.