निळ्या उतारावरचं माहेरपण

१२ मार्च

चि. भटक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा पत्ता पुन्हा बदलला, म्हणजे नोकरीही बदलली, हे ओघानेच आलं. कुठेही राहा, पण वेळेवर जेवत जा.

इथे गोठ्यात कोणी कोणाशी धड बोलत नाही. यंदाही निम्म्या गाईंना वाकडी वासरं झाली. पुढचे पाय आत वळलेले, एकाची तर मानच बाजूला. उभं राहता येत नाही, पिणार कुठून? गाई मात्र ठणठणीत. गेल्या वर्षी मामंजींनी दोष वळूवर टाकला आणि त्याला विकला. यंदा वळू नवा, वासरं तशीच. आता दोष माझ्या हातच्या चाऱ्यावर आलाय. मामंजी म्हणतात, आपण तर गाभण गाईंच्या लाडात काही कमी करत नाही. खरंच आहे. दुसरा महिना लागला की त्यांना निळ्या फुलांच्या उतारावर माहेरपणाला पाठवायचं, ही या घराची रीतच.

मी बाटलीने वाढवलेली बुटकी यंदा पहिल्यांदा गाभण राहील. तिच्यावरही हीच वेळ आली तर, या विचाराने झोप येत नाही.

तुझी, ताई

४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इथे मोठं गुरांचं रान आहे. मालकीणबाईंचा कुत्रा एका डोळ्याने आंधळा आहे, पण मी आराम करायला बसलो की नेमका दुसऱ्या डोळ्याने बघतो. बूट मला एक नंबर मोठे मिळालेत, त्यामुळे मी निघतो आधी आणि पोचतो नंतर. स्वयंपाकी चांगला आहे, पण गातो.

काम कुंपण घालण्याचं. कोणापासून कोणाचं रक्षण करायचं, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, फुलांपासून गाईंचं. निळे तुरे, खाली घेवड्यासारख्या शेंगा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गाईने ते खाल्लं की पोटातलं वासरू हालचाल सोडून निजून राहतं, आणि जसं निजतं तसंच वाकडं घडतं. गाईला काही होत नाही, म्हणून कोणाला संशय येत नाही. तुमच्या उतारावर तेच झाड असणार. हे आधी लिहायला हवं होतं, पण मग कुत्र्याचं राहून गेलं असतं.

तुझा, भटक्या

२० जुलै

चि. भटक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जेवताना वाचून दाखवलं. मामंजींनी कुत्र्याचा भाग आवडीने ऐकला. मग म्हणाले, ज्याचा स्वतःचा पाय एका जागी टिकत नाही, तो वासरांच्या पायांबद्दल शिकवणार का? त्या उतारावर पाहुणे फोटो काढतात, ती फुलं विषारी कशी असतील? तुझ्या भावोजींनी दोघांचंही बरोबर आहे म्हणत ताट पुढे सरकवलं.

बुटकी गाभण आहे. मी घरात सांगून टाकलं, ती गाभण राहिलीच नाही म्हणून. मामंजींनी तिच्या डोळ्यात निरखून पाहिलं आणि म्हणाले, मला केव्हाच कळलं होतं. तिची रवानगी भाकड गाईंबरोबर मागच्या खडकाळ रानात झाली. बाकीच्या गाभण गाई थाटात उतारावर गेल्या. आता हिचंही वासरू वाकडं निघालं, तर गाय विकली जाईल आणि मला या घरात तोंड उघडायची सोय राहणार नाही.

तुझी, ताई

९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शेंगा वाळून गळेपर्यंत तिला तिकडे फिरकू देऊ नकोस. पोट दिसायला लागलं, तर खाऊन सुटली म्हण. भावोजींकडे बघून कोणालाही पटेल.

तुझा, भटक्या

१८ मार्च

चि. भटक्यास,
अनेक आशीर्वाद.

बुटकी काल व्याली. वासरू थरथरत उठलं, चारी पाय सरळ, आणि थेट मामंजींच्या अंगावर जाऊन आदळलं. मी गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन रडून घेतलं. उतारावरच्या गाईंची मात्र पुन्हा तशीच. एक गेलं, बाकीच्यांना हाताने पाजतेय.

मामंजी सगळ्यांना बोलावून म्हणाले, ती गाभण आहे हे मला तिच्या डोळ्यात दिसलं होतं, मुद्दामच बोललो नाही. चूक लाडांची होती. माहेरपणाने गाई सोकावतात आणि पोटातलं वासरूही आळशी होतं. यापुढे एकही गाभण गाय उतारावर जाणार नाही, सगळ्या खडकाळ रानात. मी म्हटलं, तुमचंच खरं.

आता शेजारपाजारचे गुरंवाले ही कडक शिस्त शिकायला येतात. मामंजींनी तुलाही निरोप दिलाय: तुझ्या मालकीणबाईंना सांग, कुंपणाची काही गरज नाही, गाईंना थोडं रागवत जा म्हणावं.

निरोप पोचवला असं मी त्यांना सांगते. तू कुंपण घालत राहा.

माया आहेच, ती तशीच असू दे.
तुझी, ताई