पहारेकऱ्याच्या पोटातील बिऱ्हाड

पुणे, गुरुवार

आयुष्मती पंचशीला हिला रुग्णालयस्थ पतीचा सप्रेम जयभीम.

ज्वर ओसरला, अन्नावर वासना परतली. वजन किंचित घटल्याने पायजमा स्वतंत्र विचार करू लागला आहे, एवढेच.

काल फोनवर तू गर्जलीस, "ताप न्हाई, तर तिथं कावून लोळताव तुमी?" त्याचे सविस्तर उत्तर देतो. शाळेच्या माळ्यावरील कबुतरांची विष्ठा झाडताना छातीत शिरलेली बुरशी आमच्या रक्षक पेशींनी गिळली. परंतु त्यांना ती पचेना! पहारेकऱ्याने चोर गिळावा आणि चोराने त्याच्याच पोटात बिऱ्हाड थाटून वंशविस्तार करावा, तद्वत झाले. औषध अर्धवट सोडले, तर ती बाहेर पडून मेंदू गाठेल, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. म्हणून घरी निघण्यासाठी भरलेली पिशवी मी पुन्हा रिकामी केली.

आणखी चौदा दिवस. आपल्या चैतालीचा साखरपुडा मात्र रविवारीच, तेलगावातच होऊ दे. मी येणार नाही म्हणून आई फार रुसली आहे का?

मी व्हिडिओ कॉलवर उपस्थित राहीन. लेकीने तेवढे पडद्याकडे पाहू नये. अश्रुपात करताना मी विद्वान दिसत नाही.

तुझाच,
शहादेव