अंजनाची मोजणी

१८ मे

मोजणी संपली! टेकडीवरचा एकेक चर पायाखालून गेला. वनखात्याच्या या उघड्या जमिनीवर गावाच्या वनसमितीने तीन वर्षांपूर्वी अंजनाच्या झाडाचं बी टोचलं होतं. उगवलेली रोपं १६४०. आज हिरवी दिसली ५००. बाकी ११४० वाळक्या काड्या — त्यांच्यापुढे ‘मृत’ लिहिलं. अहवालाची मुदत वीस तारखेची, आजच पाठवला. एकतीस वर्षं अमळनेरहून पेपरला बातम्या दिल्या, एकदाही उशीर नाही. समितीचा सचिव झालो म्हणून काय झालं!

आकडा वाईट आहे, गाव नाही. तीन वर्षांत टेकडीवर कुऱ्हाड चालली नाही. राखणीची काठी संध्याकाळी ज्याच्या दारात टेकवली, त्याची उद्याची पाळी. ती काठी एक दिवस रिकामी राहिली नाही. अंगाला हळद लागलेली असताना नवरदेवाचा बाप काठी घेऊन टेकडीवर गेलेला मी पाहिला आहे. हे अहवालात लिहायला रकाना नव्हता.

माझं हे शेवटचं काम. दिवाळीनंतर नाशिकला, चारुलताकडे. लेकीने खोलीला रंगसुद्धा देऊन ठेवलाय.

२१ मे

सकाळी सकाळी बेबाबाई ओट्यावर. चार बकऱ्यांची मालकीण, आणि समितीने आजवर दंड केलेली एकमेव. आमचा दंड पैशाचा नाही — एका झाडाला एक पाळी. पहिल्या वर्षी तिच्या बकरीने पाच रोपं खाल्ली; तिने पाच दिवस जादा काठी धरली. तेव्हापासून माझ्याशी बोलणं तोडकंच. आज स्वतःहून आली.

“नाना, कितला मारात?”

म्हटलं, मी कशाला मारू? वाळलीच होती.

“उन्हायामा अंजन वरतून वाळस. खाले जित्तं ऱ्हास. मन्ही बकरीले कळस, तुम्हले नही कळस?”

२२ मे

तिच्यासोबत टेकडीवर. एका काडीच्या बुडाशी तिने खुरप्याने उकरलं. वर काडी पेनातल्या रिफिलएवढी. खाली मूळ अंगठ्याएवढं! नखाने ओरखडलं — पांढरं, ओलं. पाच जागी उकरलं. पाचही जिवंत. बेबाबाईने प्रत्येक जागी माती परत दाबली. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मी मे महिन्यात मोजलं, कारण मुदत मे महिन्यात होती. दुसरं काही कारण नाही.

२४ मे

वनपाल नवीनभाऊंकडे गेलो, ओल्या मुळांचं सांगितलं. त्यांचं तोंड पडलेलं. “नाना, तुमचा कागद वर गेला. तीस टक्के म्हणजे नापास. जूनमध्ये मशीन लागेल, टेकडी उकरून दुसरी झाडं लावतील. टेकडी राखायचा समितीचा करार संपला.” मग खुर्ची पुढे ओढून — “मोजणी चुकली, असं लिहून देता का?”

२५ मे

एकतीस वर्षांत खुलासा द्यायची वेळ आली नव्हती. आज आली. चार मसुदे फाडले. चारही मसुद्यांत मी मुदतीला दोष दिला होता. पाचवा तीन ओळींचा. मोजणी चुकली. चूक सचिवाची. गावाची नाही.

समितीचे अध्यक्ष झुलाल आबा. त्यांनी सही करता करता कागद लांब धरून पाहिला. “आत्ते तुम्हनं अक्षर चांगलं दिखस, नाना.”

३ जून

मशीन यायचं थांबलं! फेरमोजणी ऑगस्टमध्ये, खातं आणि समिती मिळून.

६ जुलै

अजून काड्याच. बेबाबाईला विचारायचा धीर होत नाही.

१२ ऑगस्ट

११४० पैकी १०१२ फुटली! काडीच्या बुडातून लालसर, कोवळी जोडपानं. आधीची ५०० धरून ब्याण्णव टक्के. नवीनभाऊंनी बेरीज दोनदा केली, मग वही मिटली. करार पाच वर्षं वाढवायची शिफारस त्यांनी तिथेच दगडावर बसून लिहिली.

एकेका रोपाशी कुणी ना कुणी उभं होतं — “हाई मन्ही पाळीनं!” म्हणत. इतक्या बातम्या लिहिल्या, पण ऊर इतका कधी भरून आला नव्हता.

१३ ऑगस्ट

सभा. पेढे वाटून झाले, तेवढ्यात बेबाबाई उठली. “मन्ही बकरीनी पाच खादात, मी पाच दिन काठी धरी. नानांनी जित्ता झाडे कागदवर मारात. नियम बठ्ठासले एकच ना?”

सगळे हसले. मीही. मग आबा हसायचे थांबले. मला म्हणाले, “नियम तुम्हीच लिव्हेल शे. वाचा.”

वाचला.

१४ ऑगस्ट

काठी माझ्या दारात. १०१२ पाळ्या.

चारुलताला फोन केला — खोली भाड्याने दे.