खालच्याला हाक

मंगळवार, संध्याकाळ

तांदळाची गोणी अजून पलंगावरच आहे. राहू दे. पाणी शेवटच्या पायरीवर थांबलं, घरात नाही आलं!

दुपारी गल्लीतलं गटार तुंबलं. तुंबणारच. इथे कर्जतला प्रत्येकाने दारापुढे गटारावर लादी टाकलीय, आमच्यासकट. मग आतला गाळ काढणार कोण? पाणी पायऱ्या चढायला लागलं, तशी मी आमची लादी उचलायला पहार घेऊन निघाले. सासूबाईंनी हात धरला.

"आधी खाली हाक दे गं. खालच्याला न सांगता पानी सोडतात का?"

ही भातशेतीतली रीत. वरच्या खाचराचा बांध फोडायच्या आधी खालच्याला हाक द्यायची. पण सिमेंटच्या गल्लीत? मला हसूच आलं. त्या मात्र भिजत गेटपाशी गेल्या आणि ओरडल्या, "आमी पानी सोडतो, तुमची लादी उचला रं!"

खालच्या शेजाऱ्याने स्कूटर हलवली, लादी उचलली आणि त्याच्या खालच्याला हाक दिली. अशी ती हाक थेट ओढ्यापर्यंत गेली. लाद्या निघाल्या, गाळ निघाला, पाणी खळाळत उतरलं. इतक्या वर्षांत हे कोणालाच कसं सुचलं नाही?

आणि मग वरून हाक आली. वरच्या घरातल्या वहिनी. गाडी लावण्यावरून भांडण झालं, तेव्हापासून अबोला.

"आमी सोडू का गं पानी?"

"सोडा, वहिनी!" मी ओरडले.

त्यांची लादी एकटीला उचलण्यासारखी नव्हती. पहार घेऊन मीच वर गेले.