महाराणीची डावी भुवई

प्रिय खोडरबर,

या नावाने आता तुला कुणी हाक मारत नसेल. मोठा माणूस झालास. परवा भाचीने मोबाईलवर तुझी मुलाखत लावून दिली. आपल्या जुन्या कार्टूनला पुन्हा बरे दिवस आलेत म्हणे, आणि पोरांना छळणारे ते परग्रहावरचे खलनायक तुला सुचले कुठून, हे सगळ्यांना जाणून घ्यायचंय. तू काय गोड हसलास! म्हणालास, दुष्ट महाराणी म्हणजे आमची बायकोच. शेजारी बसलेल्या तिने लाजून तुझ्या दंडावर चापट मारली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. भाचीला वाटलं, मावशीला गहिवरून आलं.

जाड्या प्रधानाचं मात्र खरं सांगितलंस. तो आपला स्टोअरकीपर. पेन्सिलीचं थोटूक दाखवल्याशिवाय नवी पेन्सिल म्हणून द्यायचा नाही. तसा प्रधानही मोडकं खेळणं हातात पडल्याशिवाय एका पोराला सोडत नाही. बिचारा आज असता तर गल्लीभर सांगत सुटला असता. त्याचं श्रेय त्याला मिळालं, आनंद आहे. मग मीच तुझं काय घोडं मारलं होतं?

अरे, तुझी बायको स्टुडिओत आली तेव्हा महाराणी आधीच पडद्यावर पोरांना रडवत होती! हिने फक्त तिच्या झग्यात जांभळा रंग भरला, तोही रेघेबाहेर. महाराणी पेन्सिलीतून पहिल्यांदा उतरली तेव्हा तुझ्या मागच्या टेबलावर, तुझ्या कच्च्या रेघा स्वच्छ गिरवत, कोण बसलं होतं? प्रत्येकाच्या टेबलावर आरसा असायचा. त्यात स्वतःच वेडीवाकडी तोंडं करायची आणि ती कागदावर उतरवायची. तुझाच आरसा तेवढा तिरका. त्यात तू दिसायचासच कुठे? मी दिसायचे. मला कळत होतं रे सगळं. दिग्दर्शक येऊन चांगल्या चित्राची वाट लावून गेले, की माझी डावी भुवई वर चढायची आणि तुझी पेन्सिल भराभर चालायची. पुढे महाराणीने एखादा ग्रह गिळायच्या आधी अगदी तश्शी भुवई उचलली, की अख्खा स्टुडिओ माझ्याकडे बघून हसायचा. मी रागावल्याचं सोंग करायचे. खरं सांगू? कुणी फुलं आणून दिली असती तरी इतकं सुख झालं नसतं.

हो, जळतेय मी. तुझ्या लग्नातसुद्धा इतकी जळले नव्हते. तेव्हा मनाशी म्हटलं होतं, संसार तिचा, भुवई माझी. आता तीही तिच्याच पदरात टाकलीस. आणि ती इतकी गरीब चेहऱ्याची, की तिने भुवई उचलली तर दारातलं मांजरसुद्धा हलायचं नाही! तुला मात्र जपते, तुझी शाल सारखी सावरत होती. तेच तर मला बघवेना.

भाची लहानपणी जेवायला त्रास द्यायची, तेव्हा मी भुवई उचलून सांगायचे, महाराणी मीच आहे. ताट साफ! मुलाखत संपल्यावर तिने मोबाईल बाजूला ठेवला. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि चहा टाकायला गेली. थापाड्या म्हातारीवर करतात तशी दया.

एरवी फोन करूनच भांडले असते. पण मध्यंतरी एका सकाळी उठले, तर चेहऱ्याची डावी बाजू रुसलेली. ओठ वाकडा, बोलताना शब्द सांडतात, आणि भुवई तर ढिम्म हलत नाही. भाचीने बेसिनवरचा आरसा काढून ठेवला होता, तो व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी परत लावायला लावला. म्हणतात, भुवई पूर्वी कशी चढायची ते समोर ठेवा आणि रोज प्रयत्न करा. माझे फोटो सगळे हसरे. चढलेली भुवई जगात फक्त तुझ्याकडे आहे. ती पेन्सिलीची मूळ चित्रं पाठव, भुवई हळूहळू वर जाते तेवढीच, ओळीने लावून. पण चित्रांमागे तुझ्या हाताने लिही, भुवई कुणाची ते. बायकोच्या देखत लिहिलंस तरी चालेल. लिहिणार नसशील तर चित्रं पाठवूच नकोस. तुझ्या बायकोची भुवई मी माझ्या कपाळावर चढवणार नाही.

तुझीच,
मागच्या टेबलावरची