दीपगृहाचं नाणं

४ मार्च
‘प्रांतिक वारसा’ मालिकेतली दहापैकी नऊ नाणी झाली. बाहेर पिवळं कडं, आत पांढरी चकती, चकतीवर एकेक जुनी वास्तू. राहिलं फक्त दीपगृह. साडूचंही तेवढंच अडलंय. आज दोघांनी एकमेकांना शब्द दिला: नाणेवाल्याकडे जायचं ते जोडीनं. मिळालं तर चिठ्ठ्या टाकायच्या. माणसानं शब्दाला जागावं.

७ मार्च
हाफ डे टाकून नाणेवाल्याकडे गेलो. एकटाच. विकत घ्यायला नव्हे, नुसती चौकशी. खिशात पैसे होते, पण ते असतातच.
नाणेवाला म्हणाला, दीपगृह आलं होतं, एकच. काल गेलं. कोणी नेलं? तुमच्याबरोबर येतात ना, ते टोपीवाले.
साडू! केसानं गळा कापला.

७ मार्च, संध्याकाळ
बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, पण तुम्ही तिथे काय करत होतात? मुद्दा तो नाहीच, हे तिला कळत नाही. शेवटी त्याच्या बायकोचीच बहीण.

८ मार्च
सकाळी साडूचा फोन. उचलला नाही. आजपासून अबोला, कायमचा.
दुपारी तीन. पुन्हा फोन नाही. एवढीच का किंमत आमची?

११ मार्च
साडूला पत्र. चार पानं. ‘विश्वासघात’ हा शब्द अकरा वेळा आलाय. एकही खोडला नाही. पोस्टात टाकलं. हलकं वाटलं.

१५ मार्च
मेहुणी आली. माझ्या हातात पाकीट दिलं. आत दीपगृह.
म्हणाली, दुकानदाराचा निरोप आला तेव्हा तुम्ही ऑफिसात होतात. दुसरं कोणी नेईल म्हणून हे एकटेच धावले. घेतलं ते तुमच्यासाठीच. रविवारी जेवायला बोलावून देणार होते, त्यासाठीच फोन केला होता. पत्र वाचलं. काल आपला अल्बम विकून आले. म्हणाले, एकट्यानं काय बघायचं.
बायको माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, आधी सांगायला काय झालं होतं? माणसाला अंधारात ठेवणं हासुद्धा विश्वासघातच. बारावा.
मेहुणी चहा न घेता गेली.

१७ मार्च, रविवार
दहाच्या दहा पूर्ण! अल्बम टेबलावर उघडा ठेवला आणि बायकोला हाक मारली. ती म्हणाली, असू द्या तिथे, बघते.
चार वाजेपर्यंत तसाच होता. मग मीच मिटला.