कडेच्या दगडांचा चुना

गिरगाव, मार्गशीर्ष वद्य द्वादशी

आज पुन्हा गटारात पाय गेला. पूर्वी इथला रस्ता शिंपल्यांच्या चुऱ्याचा होता, अंधारातही दुधासारखा दिसे. आता सगळी काळी खडी. माझ्या मोतीबिंदूला काळ्यात काळे काय दिसणार? कडेच्या दगडांना चुना लावा, असा अर्ज म्युनिसिपालिटीकडे मीच केला होता. परवा लावला, तेव्हा केवढा हरखलो! आज पडताना दगड धरला, तर सगळा चुना हातावर. त्यात डिंक घातलाच नव्हता, नुसते पांढरे पाणी.

वाटेने जाणारी कोळीण हात देऊन हसली, "मास्तर, चुना दगडाला नाय, तुमाला लावलान!"

सूनबाई मात्र हसली नाही. "मामंजी, उद्यापासून दिवेलागणीनंतर बाहेर पडायचं नाही."

मग बापूकडे जायचे कधी? माझा शाळासोबती अंथरुणाला खिळलेला, दिवसभर औषधाच्या गुंगीत. संध्याकाळी जागा होतो. मी शाळेतल्या आर्येचा एक चरण म्हणतो, पुढचा तो म्हणतो. आता वाट पाहील, आणि काय? आणखी एक अर्ज करू?

हात धुतले, पुन्हा धुतले. दगडावर न टिकलेला चुना माझ्या नखांत मात्र पक्का बसला आहे.